रस्त्याकडची खोली

टेपचं एक टोक आजींनी धरलं होतं, कारण ते धरायला दुसरं कोणी नव्हतं. दलाल बाहेर पायरीवर फोनवर बोलत होता आणि डॉक्टर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेला होता, तिथून ही खिडकी कशी दिसते ते बघायला. डॉक्टरची बायको टेप उलगडत खिडकीच्या दुसऱ्या कडेला गेली. आजींनी पलंगावर बसल्या जागेवरून हात लांब करून टेपचं पत्र्याचं टोक अंगठ्याने चौकटीवर दाबून ठेवलं होतं. त्या अंगठ्याचं नख निळसर होतं.

"वरून घे," आजी म्हणाल्या. "बोर्ड गजांच्या वरच लागेल ना? मग खालचं माप घेऊन काय करशील?"

बायको ओशाळली. येताना दलालाने बजावलं होतं, म्हातारीला काही बोलू नका, ग्रिलच्या दुरुस्तीचं माप घ्यायला आलोय म्हणून सांगू.

"घे गं, घे. मापाला मी कुणाला अडवत नाही. आधी एक झेरॉक्सवाला घेऊन गेला, मग एक चष्मेवाला. या खोलीचं माप अर्ध्या बाजाराला पाठ आहे." आजी थांबल्या, दोनदा श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं. "खोली तेवढी मिळत नाही कुणाला."

"आम्ही नुसतं बघायला आलो होतो, आजी."

"बघ की. मीही दिवसभर बघतच असते."

पलंग खिडकीला लावून ठेवलेला होता. उशाकडच्या पायांखाली विटा होत्या, त्यामुळे तो घसरगुंडीसारखा कलला होता, आणि त्यावर उशांची चळत. आजी त्या चळतीला पाठ टेकून बसलेल्या. झोपण्यासाठीचा पलंग त्यांनी बसण्यासाठीच वापरायला काढलाय हे बायकोच्या लक्षात आलं. तिने टेप गुंडाळला. तो सर्रकन आत गेला तेव्हा आजींनी दचकून हात मागे घेतला आणि मग स्वतःलाच हसल्या.

डॉक्टर परत आला. कपाळावर घाम होता, पण चेहरा उजळलेला.

"एकदम समोर येते," तो बायकोच्या कानाशी म्हणाला. "मध्ये झाड नाही, खांब नाही, काही नाही."

समोर म्हणजे हॉस्पिटलचं बाहेर पडायचं फाटक. गेले काही आठवडे डॉक्टर रोज सकाळी तिथे चहा पीत उभा राहायचा. त्याचं पहिलं क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी सामानाच्या दुकानावर होतं. गुडघे दुखणारी माणसं जिना बघूनच परत फिरत, आणि जी चढून येत ती पुन्हा येत नसत. ते बंद केल्यापासून दोघं नवराबायको तिच्या भावाकडे राहत होती. भावाची बायको वाईट नव्हती. फक्त जेवताना एखादं वाक्य टाकायची. "भावोजींचं औषध लागू पडेल हो, पण त्याला आधी पेशंट लागतो ना."

म्हणून या वेळी डॉक्टरने घाई केली नव्हती. दलालाने पेट्रोल पंपाशेजारचा गाळा दाखवला होता, पुढे ऐसपैस मोकळी जागा. "पार्किंग बघा साहेब, पार्किंग."

"माझे पेशंट गाडीतून यायचे नाहीत," डॉक्टर म्हणाला होता. "माझ्याकडे येईपर्यंत गाडी विकून झालेली असते."

दलाल खो खो हसला होता. बायकोलाही हसू आलं होतं, आणि घरी जाईपर्यंत ते हसू तिच्या तोंडात कडू होत गेलं होतं.

फाटकाशी उभं राहून डॉक्टरला जे कळलं ते त्याने तिला नीट समजावून सांगितलं होतं. आत जाणाऱ्या माणसाला काही दिसत नाही. तो घाईत असतो, त्याला आशा असते. बाहेर येणारा मात्र फाटकाबाहेर चार पावलं टाकतो आणि थांबतो. हातात रिपोर्टचं ते मोठं पाकीट, आणि आता डावीकडे जायचं की उजवीकडे हे त्याला ठरवता येत नाही. त्या थांबण्याच्या वेळी त्याची नजर जिथे जाईल ती खरी जागा.

ती नजर या खिडकीवर येत होती.

*

आजींची लेक कुरिअरच्या ऑफिसातून दुपारच्या सुट्टीत आली. ती रोज अशीच यायची, आईला जेवायला घालायची, भांडी विसळायची आणि पळायची. दलालाला बघून तिने पर्स खुर्चीवर टाकली.

"झालं का पुन्हा सुरू? आई, माणसं उन्हातून आलीत. काही वेडंवाकडं बोलली नाहीस ना?"

"मी त्यांना माप घ्यायला मदत केली. विचार हवं तर."

"आयुष्यभर बसस्टँडवर रिझर्व्हेशनच्या खिडकीत बसली," लेक बायकोला म्हणाली, "तरी हिची खिडकीची हौस फिटत नाही. भाडं आलं तर दिवसभराची बाई ठेवता येईल. माझी दुपारची धावपळ तरी वाचेल. मरते मी येऊन जाऊन."

"मरतेस तू, आणि औषधं मला," आजी म्हणाल्या.

लेक हसली नाही. तिने पाच कप चहा केला आणि प्रत्येकाच्या हातात आदळल्यासारखा दिला. खोली आईच्या नावावर होती, सही आईची लागणार होती, आणि हे तिने चहा देताना चौघांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा सांगितलं.

"मी गेल्यावर घ्या," आजी डॉक्टरला म्हणाल्या. त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. "फार वाट बघायला लागायची नाही. तोवर राहू दे मला इथे."

दलालाने डॉक्टरकडे बघून खांदे उडवले. डॉक्टरने कप खाली ठेवला आणि स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"आजी, खोलीचं राहू द्या. तुम्हाला त्रास काय होतो ते सांगा."

"तू कसला डॉक्टर?"

"होमिओपॅथ."

"म्हणजे साखरेच्या गोळ्या."

"हो, साखरेच्याच. त्यात औषध असतं पण."

"असू दे. गोड तर गोड."

मग तो विचारायला लागला. बायको भिंतीशी सरकून उभी राहिली. तो विचारायला लागला की तिला अजूनही बघत राहावंसं वाटे. त्याच्या शास्त्रात आजाराचं नाव नंतर येतं, आधी माणूस समजून घ्यायचा असतो. लग्न ठरवायच्या वेळी त्याने तिलाही असंच विचारलं होतं, थंडी आधी कुठे वाजते, राग आल्यावर भूक लागते की मरते. इतकं कुणी विचारतं म्हणूनच तिने हो म्हटलं होतं.

"तहान कशी लागते? घोट घोट की भांडंभर एकदम?"

"घोट घोट. पण सारखी."

"झोपताना कुठली कूस?"

"कूस विसरले मी. बसूनच झोपते. आडवी झाले की छातीत पाणी भरल्यासारखं होतं."

"स्वप्नं पडतात?"

"तिकिटं देते. रांग संपत नाही. शेवटच्या माणसाला कुठे जायचंय ते मला ऐकूच येत नाही, आणि तो सांगून सांगून थकतो."

"रडू आलं तर कुणी जवळ घ्यावंसं वाटतं, की कुणी जवळ आलं की चीड येते?"

आजींनी लेकीकडे पाहिलं. "घेतलं कुणी तर कळेल ना," त्या हसत म्हणाल्या. लेक कप गोळा करू लागली. एका कपात अजून चहा होता, तोही तिने उचलला.

"आता नीट आठवून सांगा," डॉक्टर पुढे वाकला. हा त्याचा आवडता प्रश्न होता. "कशाने बरं वाटतं आणि कशाने वाढतं?"

"बरं या खिडकीने वाटतं."

"वाऱ्याने?"

"वारा आहेच. पण ती माणसं." आजींनी हनुवटीनेच फाटक दाखवलं. "ती बघ, हिरव्या पिशवीवाली. सकाळी नवऱ्याला धरून आत गेली. आता एकटीच बाहेर आली, म्हणजे ठेवून घेतलंय त्याला. ती रडत नाहीये, म्हणजे ऑपरेशन होणार आहे. ज्यांना करण्यासारखं काही सांगतात ती रडत नाहीत. मी असं ओळखत बसते. त्यांच्यात गुंतले की माझा श्वास मी मोजत नाही. नाहीतर दिवसभर तोच मोजते. आत, बाहेर, आत, बाहेर. आला का, गेला का."

डॉक्टर फाटकाकडे बघत राहिला. हिरव्या पिशवीवाली बाई डावीउजवीकडे न बघता तरातरा निघून गेली. तो आणि आजी त्याच माणसांकडे बघत आलेत, एक रस्त्याच्या त्या बाजूने आणि एक या बाजूने, हे बायकोला जाणवलं. त्यालाही जाणवलं असावं. मग तो आजींकडे वळला. बोलला तेव्हा आवाज हळू होता, अगदी मायेचा.

"आजी, इथेच आहे."

"काय?"

"मूळ. दिवसभर तुम्ही त्या माणसांची दुखणी ओढून घेताय. त्यांचा श्वास अडकला की तुमचा अडकतो. खिडकीने बरं वाटत नाहीये तुम्हाला, बरं वाटल्यासारखं होतंय. जे सगळ्यात हवंहवंसं वाटतं ना, आजार त्याच्यावरच पोसलेला असतो."

बायकोने मान वर केली. शरीर जे मागतं ते त्याला द्या, शरीराला कळतं, असं तो पेशंटना सांगताना तिने कितीतरी वेळा ऐकलं होतं.

"म्हणजे खिडकीनेच दुखतंय म्हणतोस?"

"थोडे दिवस लांब राहून बघा. मागच्या खोलीत. गोळ्या मी देतो."

दलालाने फोन कानापासून खाली घेतला आणि तो बंद न करताच खिशात टाकला. लेक हातात कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने डॉक्टरकडे पाहिलं, मग आईकडे. मग ती ट्रे घेऊन आत गेली.

आजी कितीतरी वेळ डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, फाटकातून बाहेर येणाऱ्या माणसाकडे बघावं तशा.

"समोरच्या मोठ्या डॉक्टरने मान वर करून बघितलं नाही कधी," अखेर त्या म्हणाल्या. "कागद बघतो आणि लिहितो. तू निदान स्वप्नापर्यंत आलास." पलंगाच्या कडेवरून त्यांनी एकदा हात फिरवला. "बघते राहून मागे. थोडे दिवस."

परतताना बायकोने विचारलं, "खरंच तुला तसं वाटतं?"

"काय?"

"खिडकीचं."

तो चालता चालता थांबला. प्रश्नाचा त्याला राग आला नव्हता. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "आधी नव्हतं वाटलं," तो म्हणाला. "विचारता विचारता वाटत गेलं. केस अशी आपोआप उलगडते कधीकधी."

*

मागची खोली, जिथे लेक रात्री झोपायची, स्वयंपाकघराला लागून होती. तिला एक झरोका होता आणि झरोक्यापलीकडे शेजाऱ्यांची भिंत. विटांवरचा पलंग पॅसेजच्या वळणातून जाईना, म्हणून आजींना लेकीची खाट दिली आणि लेक खाली गादीवर झोपू लागली. पलंग पुढेच राहिला. विटा काढल्या, वर रेक्झिनची गादी घातली, तपासणीचं टेबल वेगळं घ्यावं लागलं नाही.

बोर्ड मोजून घेतलेल्या मापात बरोबर बसला. प्लायवूडचं पार्टिशन घालून डॉक्टरची केबिन झाली. खिडकीखाली पेशंटसाठी लांब बाकडं ठेवलं आणि दाराशी टेबल टाकून बायको बसली. नंबर तीच देई, पुड्या आणि बाटल्याही तीच भरी. केमिस्ट्रीची पदवी घेताना आपण असं काही करू असं तिला वाटलं नव्हतं, पण तिचं मोजमाप चोख होतं आणि हात स्वच्छ होते. दिवसाअखेर ती सांडलेल्या पांढऱ्या गोळ्या केरसुणीने गोळा करी. मुंग्या त्यांना लागत नसत, फरशी ती फिनेलने पुसायची म्हणून.

माणसं आली. पहिल्याच आठवड्यात रस्ता ओलांडून आली, पाकिटं छातीशी धरून. डॉक्टर प्रत्येकाला वेळ द्यायचा. आत गेलेली माणसं बाहेर येताना डोळे पुसत यायची, पण चेहरे मोकळे झालेले असत. भावाच्या बायकोने जेवताना टाकायची वाक्यं बंद केली आणि तिच्या गुडघ्यांसाठी एक बाटली मागून घेतली.

आजींचा त्रास वाढला. समोरच्या मोठ्या डॉक्टरच्या गोळ्या डॉक्टरने एकेक करून कमी केल्या होत्या, आधी लघवी होण्याची, मग दुसऱ्या. त्यांच्या गोंगाटात आपलं औषध बोलत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पाय सुजले. एकदा आजींना पाणी द्यायला गेलेली बायको खाटेच्या कडेला बसली आणि तिने नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा. ती बघत राहिली. खळगा भरून यायला फार वेळ लागला.

"औषध लागू पडतंय," लेक दारातून म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आधी वाढतं आणि मग उतरतं. वाढलं म्हणजे बरोबर जागी पोचलंय." तिने हे पाठ केलं होतं, आणि म्हणताना ती आईच्या पायांकडे बघत नव्हती.

त्या संध्याकाळी बायकोने केबिनचं दार लावून घेतलं.

"ते पाणी साठतंय. हृदय थकलं की असं होतं. खाट सपाट आहे, त्यांना रात्रभर धाप लागते. निदान विटा तरी दे लावून. आणि ती लघवीची गोळी सुरू कर."

"तू माझं शास्त्र शिकली आहेस?"

"मी डोळ्यांनी बघतेय."

"मग हेही बघ." तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी आज आजींना गोळी परत दिली म्हणजे मी चुकलो होतो असं होईल. मग लेक विचारेल, खोलीबद्दलही चुकलात का? मग तू आणि मी कुठे? तुझ्या वहिनीच्या ताटात."

तिने विटा मागे नेऊन लावल्या, आपल्या हातांनी. गोळीबद्दल ती पुन्हा बोलली नाही.

*

एका सकाळी आजी पॅसेजमधून भिंत धरत धरत आल्या आणि तिच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. एवढ्या अंतरात त्यांना तीन वेळा थांबावं लागलं होतं.

"नंबर दे."

"तुम्हाला नंबर कशाला, आजी? डॉक्टर आत येऊन बघतील."

"पेशंट आहे ना मी? मग सगळ्यांसारखी रांगेत बसते. शेवटचा नंबर दे."

बायकोने दिला. आजी जाऊन बाकड्याच्या खिडकीकडच्या टोकाला बसल्या, कोपर चौकटीवर टेकवलं आणि बाहेर पाहिलं. त्यांचे खांदे खाली आले. मग त्या रोजच येऊ लागल्या. बायको त्यांचा नंबर मागे मागे ढकलत राही, दुपारचं जेवण व्हायच्या वेळेपर्यंत. दोघींनी याबद्दल एकमेकींशी कधी चकार शब्द काढला नाही.

बाकड्यावर माणसं बोलत, आणि आजींशी जास्तच बोलत. "तुम्हाला काय होतं?" असं विचारत. आजी उलट त्यांनाच विचारत. त्या खोलीत प्रश्न विचारण्याचा संसर्गच होता. एकदा एक तरुण मुलगी आली, छातीत गाठ, हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिलेली, आणि ती तारीख टाळून इथे. आजींनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"परत आत जा," त्या म्हणाल्या. "तुला त्यांनी तारीख दिलीय, बाई. करण्यासारखं काही असेल तरच तारीख देतात. हे इथलं काम नाही."

मुलगी उठून गेली. बायकोने ऐकलं होतं. तिने त्या मुलीचा नंबर खोडला आणि पुढच्याला हाक मारून आत पाठवलं.

असं आणखी दोघांचं झालं. तिसरा माणूस मात्र जाण्याआधी केबिनमध्ये डोकावला आणि डॉक्टरला म्हणाला, "तुमच्या आजी फार सरळ आहेत हो. त्यांनीच सांगितलं, आधी तिकडची औषधं पुरी करा म्हणून." डॉक्टर हसून हो म्हणाला.

तो आता रागावेल म्हणून बायको दिवसभर वाट बघत राहिली. घरी जाताना त्याने तिच्यासाठी फुलं घेतली.

दुसऱ्या दिवशी बाकडं भरलेलं होतं आणि काही जण भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर केबिनमधून बाहेर आला. तो असा मधेच कधी बाहेर येत नसे.

"आजी, उभ्या राहा बरं."

आजी उठल्या, एक हात चौकटीवर.

"ही खोली बघायला मी पहिल्यांदा आलो तेव्हा या आजी पलंगावरून उतरत नव्हत्या," तो सगळ्यांना म्हणाला. "विचारा त्यांच्या मुलीला. आज पाहताय ना? रोज स्वतःच्या पायाने येतात. कुणी धरत नाही."

यात खोटं काही नव्हतं. बायकोला खरोखर काही सापडेना. लेक त्या दिवशी उशिरा कामाला निघाली होती. ती पॅसेजच्या तोंडाशी उभी राहून हे ऐकत होती आणि तिने पदराने डोळे टिपले.

"आजपासून औषध बंद," डॉक्टर म्हणाला. "बऱ्या झालात, आजी. आता घरात आराम करायचा आणि इथे दुसऱ्याची जागा अडवायची नाही." त्याने थट्टेने बोट नाचवलं. माणसं हसली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

आजींनी डॉक्टरकडे पाहिलं. बायकोला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांच्या सुजलेल्या पायात चपलेचा पट्टा रुतलेला होता. पायरीवरून कुणी वाकून बघितलं असतं तरी दिसला असता. नडगीवरची सूज दाखवायला नुसती साडी जरा वर उचलायची होती.

त्यांच्या शेजारी एक बाई बसलेली होती. चाळिशीची असेल, कपडे स्वच्छ, पण ब्लाउजची बटणं एक घर चुकवून लावलेली. मांडीवर ते मोठं पाकीट. ती आल्यापासून गप्प होती. तिने आजींचं मनगट धरलं.

"आजी, खरंच बरं वाटतंय तुम्हाला?" तिने विचारलं. "माझ्या मुलीला त्यांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. काही खायला मागेल ते द्या म्हणाले. खरंच गुण येतो का इथे?"

डॉक्टरचा हात केबिनच्या दारावर होता. बायकोच्या हातात बाटली होती आणि ती अर्धी भरून तशीच राहिली होती.

आजींनी त्या बाईचा चेहरा बघितला. त्यांना फार वेळ लागला नाही.

"येतो," त्या म्हणाल्या. "मला आला ना. खरंच बरं वाटतंय."

बाईने डोळे मिटले आणि श्वास सोडला. आजींनी आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं, बाईला दंडाला धरून बाकड्यावर सरकवलं, खिडकीच्या कडेला. "इथे बस. इथे वारा येतो."

मग त्या निघाल्या. लोक बाजूला झाले. लेकीने हात पुढे केला, पण आजी म्हणाल्या, "कशाला? बरी झाले ना मी," आणि एकट्याच पॅसेजमध्ये शिरल्या. लेक घड्याळ बघत पर्स काखोटीला मारून पुढच्या दाराने बाहेर पडली. जाताना तिने डॉक्टरला वाकून नमस्कार केला.

पॅसेजमधून चपलांचा आवाज येत होता. भिंतीवरून घासत जाणाऱ्या हाताचाही येत होता. मग दोन्ही थांबले. बायको खुर्चीतून अर्धवट उठली.

"पुढचं कोण?" डॉक्टरने आतून विचारलं.

खिडकीकडची बाई पाकीट सावरत उभी राहिली. बायकोने तिच्या नंबराची चिठ्ठी हातात घेतली, वाचली, आणि तिला आत जायची खूण केली. केबिनचं दार लागलं. पॅसेजमधला आवाज अजून सुरू झाला नव्हता. बायको खाली बसली आणि तिने बाटलीत गोळ्या भरायला सुरुवात केली.